सोलापूरच्या थंडीत कोळ्याच्या डोक्यावर बल्ब नको

डिसेंबर लागला की टॅरंट्युला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरू लागतो: ‘पारा २८ अंशांखाली गेला की टॅरंट्युला मरतो. कोंबडीच्या पिलांना लावतात तसा ६० वॅटचा बल्ब पेटीवर रात्रभर ठेवा, खाली हीटिंग पॅड घाला, रोज कोमट पाण्याचा फवारा मारा. खाणं सोडलं तर थंडी बाधली समजा.’ सोलापुरात नव्यानं कोळी पाळणारी पोरं हे तंतोतंत पाळतात आणि धडधाकट जीव गमावून बसतात. त्याची हळहळ वाटते, म्हणून हे उत्तर.

२८ अंशांची अट मुळातच चूक. घरी पाळले जाणारे बहुतेक टॅरंट्युला २० ते २७ अंशांत सुखानं राहतात. रात्री काही तास पारा १८ पर्यंत उतरला तरी मोठ्या, निरोगी कोळ्याचं काही बिघडत नाही. गारवा आला की त्याच्या शरीराचा कारभार मंदावतो, भूक कमी होते, वाढ सावकाश होते, इतकंच. चिली देशातली ग्रामोस्टोला ही टॅरंट्युलाची जात तर अशा मुलखातली आहे, जिथल्या हिवाळी रात्री सोलापूरपेक्षा कितीतरी गार असतात. आपल्याकडे जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे बाहेर १५ च्या आसपास असतं, लाट आली तर १० कडे झुकतं, पण दुपारी पारा पुन्हा तिशीला टेकतो. शिवाय बंद खोली बाहेरच्याइतकी गार पडत नाही.

बल्बचा सल्ला सर्वांत घातक, आणि का ते नीट समजून घ्यायला हवं. कोंबडीचं पिलू उष्ण रक्ताचं असतं. त्याला अंगातली ऊब टिकवायला मदत लागते. कोळ्याचं तसं नाही. त्याला पाय आत ओढायला स्नायू असतात, पण पाय लांबवण्यासाठी तो शरीरातला द्रव दाबानं पायांत ढकलतो. अंगातलं पाणी आटलं की हा दाब पडतो आणि पाय पोटाखाली मुडपतात. बल्बखालच्या छोट्या पेटीत हवा आणि माती रातोरात कोरडी होते. आधीच आपला हिवाळा कोरडा. सकाळी पाय मुडपलेला कोळी पाहून लोक म्हणतात ‘थंडीनं गेला’ आणि दुसऱ्या पेटीवर आणखी मोठा बल्ब लावतात! वर हा निशाचर प्राणी. रात्रभर डोक्यावर उजेड म्हणजे त्याला बिळाबाहेर यायची सोयच नाही.

खाली ठेवलेला पॅडही तसाच. ऊन तापलं की बिळातला कोळी खोल जातो, कारण जमिनीत खाली गारवा असतो. पॅडनं हे उलटंच होतं: तो जितका खाली जाईल तितका भाजेल.

‘खाणं सोडलं म्हणजे थंडी बाधली’ हेही खरं नाही. कात टाकण्याआधी टॅरंट्युला कित्येक आठवडे, मोठी मादी तर काही महिनेही उपाशी राहते. ब्रॅकीपेल्मासारख्या जातीत पोटावर केस गळालेली जागा काळपट दिसू लागते, ही त्याची खूण. पुढे तो पाठीवर उताणा पडतो. तो मेलेला नसतो. कात टाकत असतो. त्या वेळी हलवू नका, ऊब देऊ नका आणि पेटीत राहिलेला किडा आधीच काढून घ्या, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला तो कुरतडतो.

फवाऱ्याचं थोडक्यात: ओली माती आणि कोंदट हवा यांनी बुरशी धरते. पाण्याची उथळ वाटी कायम भरलेली ठेवा. दमट जंगलातली जात असेल तर एका कोपऱ्यात माती ओलसर करा, अंगावर पाणी मारू नका.

मग करायचं काय? पेटी गार शहाबादी फरशीवरून उचलून आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब, कमरेएवढ्या उंचीच्या फळीवर ठेवा. आत थर्मामीटर असू द्या. अंदाजावर जाऊ नका. थंडीच्या लाटेत सोलापुरी चादरीची घडी तीन बाजूंनी लावा, हवेची भोकं मात्र मोकळी राहू द्या. पारा सलग १८ च्या खाली राहत असेल किंवा अगदी लहान पिल्लं असतील, तरच पॅड. तोही पेटीच्या बाजूला, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला पॅड आपोआप बंद करणारं यंत्र) लावून, पेटीचा अर्धा भाग गार राहील असा.

एका गोष्टीबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि मला तीच सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते. थंडीत आपण खिडक्या लावून घेतो आणि आत डासांची कॉइल किंवा लिक्विडचं मशीन सुरू करतो. त्यातली कीटकनाशकं कोळ्यालाही मारतात. पेटी असलेल्या खोलीत ती अजिबात लावू नका. डासांसाठी मच्छरदाणी बांधा.