उत्तर कोरिया चीनचं प्यादं? मग हे कसं?

‘उत्तर कोरिया चीनचं प्यादं आहे. बॉम्ब चीननेच दिला, आणि चीनने डोळे वटारले तर किम उद्याच गप्प बसेल.’ गेली काही वर्षं हा मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय.

बॉम्बचं आधी उरकू. उत्तर कोरियाच्या योंगब्योन अणुकेंद्राची पहिली संशोधन अणुभट्टी सोव्हिएत रशियाची. युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांच्याकडून गेली. पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष मुशर्रफ यांनीच ते पुढे कबूल केलं. खानांच्या देशाच्या बॉम्बला चीनचा हातभार होता, हे खरं. पण म्हणून चीनने किमना बॉम्ब दिला, असं होत नाही.

आता प्यादं. ९ ऑक्टोबर २००६ला उत्तर कोरियाची पहिली अणुचाचणी झाली, तेव्हा बीजिंगला जेमतेम वीस मिनिटं आधी कळवलं होतं. चीनच्या निवेदनात ‘हानरान’ हा शब्द आला, म्हणजे उघड मुजोरीने. मित्रासाठी कुणी असा शब्द वापरत नाही. पाचच दिवसांत सुरक्षा परिषदेत चीनने निर्बंधांच्या बाजूने मत दिलं. जानेवारी २०१६च्या चाचणीने सीमेपलीकडच्या यानजी या चिनी शहरात टेबल-खुर्च्या हलल्या, शाळेतल्या मुलांना बाहेर काढावं लागलं. आणि ३ सप्टेंबर २०१७चा रविवार बघा: शी जिनपिंग शियामेनमध्ये ब्रिक्सच्या पाहुण्यांचं स्वागत करताहेत, आपले पंतप्रधानही त्याच दिवशी पोचताहेत, आणि किमनी नेमका तोच दिवस सर्वांत मोठ्या स्फोटासाठी निवडला. प्यादं आपल्याच राजाला शह देतं का कधी?

राहिलं डोळे वटारणं. तेही झालं. फेब्रुवारी २०१७मध्ये चीनने कोळसा घेणं थांबवलं. मे महिन्यात प्योंगयांगच्या सरकारी वृत्तसंस्थेने चीनचं नाव घेऊन सुनावलं आणि क्षेपणास्त्रं उडतच राहिली. तेल पूर्ण तोडलं तर राजवट कोसळेल, निर्वासित सीमेवरची यालू नदी ओलांडतील, अमेरिकी फौजा दाराशी येतील, ही भीती बीजिंगला आहे आणि किमना ती पक्की ठाऊक आहे. वर भुर्दंड वेगळाच: या क्षेपणास्त्रांच्या धाकाने दक्षिण कोरियाने अमेरिकी ‘थाड’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवून घेतली. चीनने चिडून तिकडच्या सहली थांबवल्या, लोट्टे या दक्षिण कोरियाच्या कंपनीची चीनमधली दुकानं बंद पाडली, म्हणजे १९९२पासून जमवलेला दुसरा शेजारीही दुखावला.

१९६१चा संरक्षण करार अजून कायम आहे, मे २०२२मध्ये नवे निर्बंध चीनने रशियासोबत नकाराधिकाराने अडवले. मैत्री तुटली, असं माझं म्हणणं नाही. पण २०१४मध्ये शी प्योंगयांगच्या आधी सेऊलला गेले. किम सत्तेवर आल्यावर सहा वर्षं चीनला फिरकले नाहीत. मार्च २०१८मध्ये त्यांची रेल्वे बीजिंगला लागली, तेव्हा देशाच्या सहाही चाचण्या उरकलेल्या होत्या.