घोट्याखालचा जपान

जपानला जायचं ठरल्यावर, जे तिकडे जाऊन आले होते त्यांनी आणि जे कधीच जाणार नव्हते त्यांनीही, एकच सल्ला दिला: बूट चांगले घ्या, फार चालावं लागतं. म्हणून लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानातून मी घोट्याच्या वरपर्यंत नाड्या असलेले, हिमालयात शोभतील असे बूट घेतले. ‘घोट्याला आधार मिळतो साहेब,’ दुकानदार म्हणाला. मिळतो की. पण क्योटोत घोट्याला आधार लागतच नाही, लागतो तो कंबरेला. तिथे चालण्यापेक्षा जास्त वेळ बूट काढण्यात आणि घालण्यात जातो, हे मात्र एकाही सल्लागाराने सांगितलं नव्हतं.

आमच्या मावससासूबाई, म्हणजे मावशी, वेल्क्रोचे बूट घालून आल्या होत्या. चर्र करून एक आवाज, की मावशी मोकळ्या. साडीवर ते बूट कसे दिसतात यावर मी मुंबईच्या विमानतळावर थोडं हसलोही होतो. क्योटोत पोचल्यावर हसण्याचं खातं त्यांच्याकडे गेलं.

आम्ही उतरलो होतो एका जुन्या पद्धतीच्या जपानी सराईत, ‘र्‍योकान’मध्ये. दारातून आत गेलं की एक खोलगट जागा असते, तिला म्हणतात गेनकान. बूट तिथे काढायचे आणि पाय थेट वरच्या लाकडी पायरीवर ठेवायचा. मोज्याचा पाय खालच्या फरशीला टेकता कामा नये आणि बुटाचा पाय वरच्या पायरीला. या दोन्हींच्या मधल्या हवेत, एका पायावर उभं राहून, मी दुहेरी गाठ सोडवत असे. शेजारी हातभर लांब शूहॉर्न टांगलेला होता. नाड्यांच्या बुटापुढे त्याचीही बुद्धी चालली नाही. मालकीणबाई कंबरेत वाकून मंद हसत उभ्या राहायच्या. माझं होईपर्यंत त्या वाकलेल्याच, त्यामुळे अपराधी वाटून गाठ आणखी बसायची.

वर चढलं की सपाता. खोलीत तातामीची चटई लागली की सपाताही बाहेर. आणि संडासात गेलं की तिथल्या वेगळ्या सपाता, ज्या फक्त तिथेच घालायच्या आणि तिथेच सोडायच्या. ही शेवटची पायरी आमच्या साडूंना पेलली नाही. ते त्याच सपाता घालून रात्रीच्या जेवणाला आले आणि तातामीवर ऐटीत मांडी घालून बसले. वाढणाऱ्या बाईने हातातलं सूप न सांडता, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, दोन बोटांनी त्या सपाता उचलून नेल्या. साडूंना वाटलं, इथली सेवाच अशी. ‘पाहुण्याच्या चपला उचलतात हो!’ असं ते पुढे दोन दिवस सांगत होते. त्यांना खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही, आणि खरं तर कुणाची इच्छाही नव्हती.

निजो किल्ल्यातही बूट बाहेर. तोकुगावा इएयासू या शोगुनने, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या सेनापतीने, १६०३ साली बांधलेला हा किल्ला. इथल्याच दालनात शेवटच्या शोगुनने १८६७ मध्ये सत्ता सम्राटाला परत करत असल्याचं जाहीर केलं. हे मला नंतर माहितीपत्रकात कळलं, कारण मी नाड्या सोडून आत पोचेपर्यंत गाईड १६०३ वरून १८६७ ला पोचला होता. तिथली लाकडी जमीन पावलागणिक चिवचिवते. फळ्यांखालच्या लोखंडी पकडी आणि खिळे एकमेकांवर घासले की तो आवाज येतो. रात्री शत्रू आला तर कळावं म्हणून तशी योजना होती, असं लोक हौसेने सांगतात. जाणकारांचं म्हणणं, ही नुसती झीज आहे. मी जाणकारांच्या बाजूने. आमच्या सदाशिव पेठेतल्या माडीतून हाच आवाज यायचा, तेव्हा मालकाला महापालिकेची नोटीस आली होती. इथे तिकीट आहे.

सान्जुसांगेन्दो हे देऊळ मात्र बघावंच. साधारण १२० मीटर लांबीचा लाकडी मंडप, आणि त्यात कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती. मधली मोठी बसलेली, बाकी हजार रांगेत उभ्या. मूळचं देऊळ ११६४ सालचं. १२४९ मध्ये जळलं, १२६६ मध्ये पुन्हा उभं राहिलं. मूर्तींच्या पुढे २८ रक्षक देवता आहेत. त्यांत इंद्र आहे, ब्रह्मदेव आहे, आणि चक्क गरुड आहे. तो बासरी वाजवतोय.

‘गरुडाकडे बासरी कशी?’ मी मावशींना विचारलं.

‘कृष्णाने धरायला दिली असेल,’ मावशी म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्यांचं चित्त मूर्तींत नव्हतं. बाहेरच्या उघड्या फडताळात बूट ठेवले होते. ना बिल्ला, ना राखणदार, ना दोन रुपये घेणारी बाई. चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय मावशींनी केला होता: एक बूट या टोकाच्या खणात, दुसरा त्या टोकाच्या. एकेकटा बूट कोण नेणार?

बाहेर आलो तर पहिल्या खणात बूट नाही. मावशी मटकन बसल्या. ‘नेला मेल्यांनी! आणि म्हणे जपानात चोऱ्या होत नाहीत!’ त्यांनी साडूंना दुसऱ्या टोकाला पिटाळलं. तिथे दोन्ही बूट शेजारी शेजारी, टाचा आत आणि तोंडं बाहेर करून मांडलेले. पांढरे हातमोजे घातलेले एक आजोबा लांबून आम्हाला वाकून नमस्कार करत होते. ताटातूट झालेली जोडी त्यांनी जुळवली होती. मावशी कृतज्ञ वगैरे झाल्या नाहीत. ‘दुसऱ्याच्या चपलेला हात लावायची काय ही सवय!’ म्हणून दिवसभर धुसफुसत राहिल्या.

जवळच्या नारा शहरात गेलो, तेव्हा तिथल्या हरणांपैकी एकाने माझी नाडी चावून सोडवली. अख्ख्या जपानात या कामी मला झालेली ही एकमेव मदत. तिथून तोदाईजी हे देऊळ. १५ मीटर उंचीचा, कांशाचा, बसलेला बुद्ध. आणि दारातच पाटी: बुटांसह प्रवेश! मी चार वेळा खात्री केली. लोक बूट घालून आत जात होते. मला त्या क्षणी त्या धर्माबद्दल जे प्रेम वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. मी ताठ मानेने पाऊल टाकलं.

मागून चर्र झालं. मावशींनी बूट काढून पिशवीत घातले होते.

‘मावशी, इथे काढावे लागत नाहीत.’

‘लागत नाहीत म्हणजे? देवासमोर बूट?’

तेवढ्यात गाईड सांगू लागला की ७५२ साली या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या एका भारतीय भिक्षूने केला होता. मावशींनी आधी मूर्तीच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

‘ऐकलंत ना जावईबापू? आपल्याकडच्या माणसाने उघडलेत ते डोळे. त्यांना सगळं दिसतंय.’

मी खाली वाकलो. हरणाने एकच नाडी सोडली होती.