सरळच तर जायचंय!

शहराबाहेर राहायला गेलो तेव्हा मी घरात छाती पुढे काढून जाहीर केलं होतं, "मी ऑफिसला सायकलने जाणार. २४ किलोमीटर तर आहे, आणि सरळच जायचंय." यातले '२४' आणि 'सरळ' हे दोन्ही शब्द नकाशावर खरे आहेत. नकाशाला भीती वाटत नाही, एवढाच काय तो त्याचा दोष.

पहिल्या दिवशी मी तो सरळ रस्ता, म्हणजे महामार्ग, धरला. मागून ट्रक येतो तेव्हा आधी आवाज येतो, मग वाऱ्याचा धक्का बसतो आणि आपण सावरतो न सावरतो तोच ट्रकच्या मागची पोकळी आपल्याला आत ओढायला लागते. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्या अंगची ऊर्जा चौपट होते, हे सूत्र मी शाळेत दोन गुणांसाठी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ तिसऱ्या किलोमीटरला लागला. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडणं बंधनकारक आहे. आमच्या ट्रकवाल्यानेही हा नियम वाचला असावा, फक्त सेंटिमीटरमध्ये.

त्या दिवशी परत बसने आलो. सायकल ऑफिसात मुक्कामाला राहिली.

मग शोध सुरू झाला. माझी पहिली चूक म्हणजे मी लोकांना विचारलं. जो माणूस शेवटचा सायकलवर बसला तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं नव्हतं, तोच सर्वांत ठामपणे रस्ता सांगतो. "मागच्या रस्त्याने जा की, एकदम रिकामा असतो," असं एक सहकारी म्हणाला. गेलो. रस्ता खरोखरच रिकामा होता. का रिकामा होता, ते सात किलोमीटरनंतर कळलं. तिथे रस्ता संपत होता आणि खड्डा सुरू होत होता. शेजारच्या काकांनी सर्व्हिस रोड सुचवला. तिथे वेगाची भीती नाही, पण उभ्या गाड्यांची रांग आहे आणि प्रत्येक गाडीचं दार कधीही, कुणाचाही विचार न करता उघडू शकतं. दारांपासून मीटरभर लांब राहावं तर मागचा हॉर्न वाजवतो. आत सरकावं तर दार आहेच. बायकोने एकाच वाक्यात सल्ला दिला, "अहो, बस आहे ना?" आमच्यात हा विषय तिथेच संपला. निदान तिच्या बाजूने.

माणसांवरून विश्वास उडाल्यावर मी ॲपकडे वळलो. एका ॲपच्या सायकल-मार्गाने मला मोठ्या प्रेमाने ४१ पायऱ्यांच्या जिन्याशी नेऊन सोडलं. दुसऱ्यात सायकलवाले जिथून जास्त जातात त्या रेघा उजळून दिसतात. सर्वांत उजळ रेघ धरून निघालो आणि मंगळवारी सकाळी नऊ वाजता डंपरांच्या मधोमध सापडलो. ती रेघ रविवारी पहाटे पाच वाजता घट्ट कपडे घालून जाणाऱ्या शर्यतवीरांनी उजळवली होती. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून जगभरचे हौशी लोक मिळून काढत आले आहेत, त्यामुळे त्याच्याबद्दल मला फार आदर. त्यात कालव्याच्या कडेने एक सुरेख वाट दाखवली होती. ज्या सद्गृहस्थाने ती काढली तो उन्हाळ्यात आला असावा, मी पावसाळ्यात गेलो. घरी येऊन आधी पाय धुतले, मग त्या वाटेच्या माहितीत 'पृष्ठभाग: चिखल' अशी दुरुस्ती केली. मानवजातीच्या ज्ञानात माझी ही एकमेव भर.

तरी त्या कालव्यावर माझा जीव जडला. एकही मोटार नाही. मी २५ मिलिमीटरचे टायर काढून ३८ चे घातले, मडगार्ड लावले आणि कोरड्या दिवसांसाठी वाट पक्की केली. तिथे एक कुत्रा आहे. तो एका विशिष्ट झाडापासून एका विशिष्ट दगडापर्यंतच धावतो. हद्द न चुकवणारा, त्या सबंध मार्गावरचा तो एकटाच प्राणी.

हळूहळू मी मोटारवाल्यांना न दिसणाऱ्या गोष्टी बघू लागलो. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने आहेत की आडव्या, रुळांना काटकोनात ओलांडता येतंय का, रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाल्यावर किती घसरतात. आणि सूर्य! शहर आमच्या पूर्वेला. म्हणजे सकाळी जाताना ऊन डोळ्यांत, संध्याकाळी येताना पुन्हा डोळ्यांत. माझ्या डोळ्यांचं काही नाही, टोपी आहे. पण माझ्या मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांत तेच ऊन असतं आणि त्याच्या समोरच्या झगझगाटात मी असतो. घर घेताना पाणी पाहिलं, वीज पाहिली, गळती पाहिली. शहर कुठल्या दिशेला आहे हे पाहायचं असतं, असं कुणी सांगितलं नाही.

रात्री झोप येईना की मी कोपनहेगनबद्दल वाचायचो. तिथे २०१२ मध्ये आल्बर्ट्सलुंड या उपनगरातून शहरात येणारा खास लांब पल्ल्याचा सायकलमार्ग सुरू झाला. वाटेत हवा भरायला पंप, सिग्नलला थांबल्यावर पाय टेकवायला कठडा! बायकोला एकदा वाटलं मी फोनमध्ये भलतंच काही बघतोय. स्क्रीनवर कठडा पाहून ती जास्तच काळजीत पडली.

चार महिन्यांनी ठिगळं जोडत जोडत माझा मार्ग तयार झाला. कालवा, दोन वसाहतींमधली बोळकांडी, एका शाळेमागचा रस्ता (शाळा सुटायच्या वेळी वर्ज्य), मग शहरातली संथ, कंटाळवाणी, म्हणूनच गोड गल्ली. लांबी ३१ किलोमीटर. २४ च्या जागी ३१, म्हणजे रोज जाऊन-येऊन १४ किलोमीटर मी निव्वळ जिवंत राहण्यासाठी चालवतो. याला व्यायाम म्हणावं की विम्याचा हप्ता, हे ठरत नाही.

फक्त एका जागी सगळे मार्ग हरले. नदी. पूल एकच, तोही महामार्गाचाच, आणि कडेला ४०० मीटरची चिंचोळी पायवाट. एका सकाळी मी टेप घेऊन ती मोजत बसलो. पायवाट ९० सेंटिमीटर, माझं हँडल ६४. जाणाऱ्या एका आजोबांनी थांबून आशेने विचारलं, "पूल रुंद करताय?" मी म्हटलं, "नाही आजोबा, मी मावतो का बघतोय." ते बराच वेळ माझ्याकडे वळून वळून बघत होते.

तर पुलावर मी उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो. गेल्या आठवड्यात मध्यावर पोचलो तर समोरून हेल्मेट घातलेला एक गृहस्थ तसाच सायकल हातात धरून येत होता. राहायला शहरात, नोकरी आमच्या बाजूला. मला भरून आलं. म्हटलं, "तुम्हाला हा रस्ता सापडायला किती दिवस लागले?"

"सापडायचंय काय त्यात?" तो म्हणाला. "सरळच तर आहे."

त्याची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती. मी काही बोललो नाही. दोघांनी सायकली मागच्या चाकावर उभ्या केल्या, पोटं आत घेतली आणि कठड्याला पाठ घासत एकमेकांना ओलांडायला लागलो. अर्ध्यावर त्याचं पायडल माझ्या पिशवीच्या बंदात अडकलं. ते सुटेपर्यंत सात ट्रक गेले.