चार कॅमेरे, पाच घड्याळं

नवरात्रात बडोद्यातली अर्धी माणसं गरबा खेळतात, काही त्याचं शूटिंग करतात, आणि त्यातले सगळ्यात कमनशिबी लोक ते शूटिंग जुळवत पहाट करतात. मी या तिसऱ्या वर्गात मोडतो. दांडिया बाजारातल्या आमच्या मावश्या-काकूंची समजूत अशी, की एडिटिंग म्हणजे नको तेवढं कापून टाकायचं. कापण्यापर्यंत पोचणं हेच मुळात भाग्याचं. त्याआधी चार कॅमेरे आणि एक ऑडिओ रेकॉर्डर अशा पाच यंत्रांना पटवावं लागतं, की बाबांनो, टाळी एकच होती आणि ती एकदाच वाजली.

"आवाजावरून सिंक कर की, आपोआप होतं," हा सल्ला देणारे बहुतेक लग्नाची कामं करणारे असतात. लग्नात ते होतंही. मंगलाष्टकं, बँड, गुरुजींचा माइक, पंगतीतला आग्रह. दर मिनिटाचा आवाज वेगळा. सॉफ्टवेअर दोन फाइलींच्या ध्वनिलहरी एकमेकींवर सरकवून बघतं आणि सर्वात जास्त जिथे जुळतात तिथे ठेवून देतं. गरब्यात तोच ताल, तेच ध्रुवपद, त्याच तीन टाळ्या, आणि हे सगळं न थांबता. लहरी कुठेही ठेवा, बऱ्यापैकी जुळतातच. मग सॉफ्टवेअर एखादा कॅमेरा पूर्ण आत्मविश्वासाने एक आवर्तन पुढे नेऊन बसवतं. चूक कळतही नाही, कारण टाळीवर टाळी पडलेली असते. फक्त गायिकेचे ओठ पुढच्या ओळीवर गेलेले असतात.

त्यात हवेचा स्वतंत्र कारभार. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेमवर (फ्रेम म्हणजे एक सुटं चित्र) काम चालतं, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आणि तेवढ्या वेळात आवाज जेमतेम १४ मीटर गाठतो. स्पीकरला खेटून उभा असलेला कॅमेरा आणि ७० मीटर लांब मचाणावर चढवलेला कॅमेरा यांच्या कानांत त्यामुळे पाच फ्रेमचा फरक पडतो. दोघांचे आवाज तंतोतंत जुळवलेत, तर चित्रं पाच फ्रेमनी चुकलीच म्हणून समजा. मैदानभर स्पीकर असतील तर प्रत्येक कॅमेरा आपल्या शेजारच्याचं ऐकतो, वर लांबच्यांचे प्रतिध्वनी. म्हणून टाइमकोड.

टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमवरचा नंबर: तास, मिनिटं, सेकंद, फ्रेम. उदाहरणार्थ ०९:१४:३२:१७. सॉफ्टवेअर मग चित्राकडे ढुंकूनही बघत नाही. दोन फाइलींवर एकच आकडा दिसला, की एकाखाली एक लावून मोकळं. त्याची सगळी ताकद यात आहे आणि आमचे सगळे हालही यातच.

पहिला घोळ मेनूतच असतो. बरेच कॅमेरे दुकानातून येतात ते 'रेक रन' लावून. हा टाइमकोड नळाच्या मीटरसारखा: पाणी वाहिलं तरच आकडा पुढे सरकतो, तोटी बंद की तो तिथेच. नऊला सुरू केलेला कॅमेरा आणि साडेदहाला बॅटरी शोधून सुरू केलेला कॅमेरा, दोघेही शून्यापासून मोजतात. सिंक केल्यावर नऊची आरती आणि साडेदहाचा गरबा एकाच क्षणी चाललेले दिसतात, आणि सॉफ्टवेअर सांगतं की काम यशस्वी झालं. हवा असतो 'फ्री रन'. त्यात रेकॉर्डिंग चालू असो वा बंद, घड्याळ पळतच राहतं.

फ्री रन लावला म्हणजे सुटलो असंही नाही. चार जणांनी "एक, दोन, तीन" म्हणून एकदम बटण दाबायचं, हा उपाय मंडळाच्या फोटोसाठी ठीक. माणसाचं बोट फ्रेमच्या हिशोबाने फार आळशी. शिवाय कॅमेऱ्यातलं क्वार्ट्झ घड्याळ साधं असतं. ते दहा लाखांत वीस भागांनी जरी चुकलं, तरी तासाला ७२ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. तीन तासांच्या गरब्यात पाच. नऊ वाजता जुळलेले कॅमेरे बारा वाजता एकमेकांना ओळखत नाहीत.

याला इलाज टेंटॅकल किंवा डीटीसारख्या कंपन्यांचे टाइमकोडचे छोटे डबे. त्यांतलं घड्याळ तापमानानुसार स्वतःला सावरतं. चांगला डबा चोवीस तासांत एका फ्रेमच्या आतच चुकतो. सगळे डबे संध्याकाळी एकमेकांशी जुळवायचे, मग प्रत्येक कॅमेऱ्यावर एक आणि रेकॉर्डरवर एक बसवायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत काढायचा नाही. एकदा जुळवून डबा खिशात टाकणारे लोक आहेत. कॅमेरा तिथून पुढे पुन्हा स्वतःच्या घड्याळावर जातो, वरच्या हिशोबाने.

आमच्या बाजूच्या बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांना टाइमकोडचं वेगळं भोक नसतं. तिथे डब्याची वायर माइकच्या भोकात जाते आणि टाइमकोड चक्क आवाज म्हणून एका चॅनलवर रेकॉर्ड होतो. ऐकायला तो कसा लागतो हे सभ्य भाषेत सांगणं अवघड आहे. काही पथ्यं पाळावी लागतात. डब्याचं आउटपुट माइक लेव्हलवर हवं. त्याहून कितीतरी जोरकस अशा लाइन लेव्हलवर राहिलं तर सिग्नल चिरडला जातो. कॅमेऱ्यातली ऑटो रेकॉर्डिंग लेव्हल बंद, वाऱ्याचा फिल्टर बंद, लेव्हल हाताने लावून मीटर मध्याच्या आसपास. आणि वायर खोचली की कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद होतो, हे लक्षात ठेवायचं. डब्यालाच माइक असेल तर दुसऱ्या चॅनलवर निदान मैदानातला आवाज राहतो, नाहीतर त्या कॅमेऱ्याला रात्रभर ती किरकिर सोडून काही ऐकू आलेलं नसतं.

आता सॉफ्टवेअर. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटेज ओढण्याआधी प्रोजेक्टचा फ्रेमरेट २५ करायचा. मीडिया आत आला की तो बदलता येत नाही, मग कितीही गयावया करा. ज्या क्लिपांत टाइमकोड आवाजातून आला आहे त्या निवडून राइट क्लिक करायचं आणि 'अपडेट टाइमकोड फ्रॉम ऑडिओ ट्रॅक'. नंतर सगळ्या क्लिपा निवडून मल्टिकॅम क्लिप करायची, म्हणजे सगळे कॅमेरे एकत्र बांधलेली एकच क्लिप, त्यात प्रत्येक कॅमेरा एक अँगल. अँगल सिंक 'टाइमकोड'. इथे 'डिटेक्ट क्लिप्स फ्रॉम सेम कॅमेरा' ही खूण केली नाही, तर प्रत्येक क्लिप हा एक वेगळा कॅमेरा धरला जातो. चार कॅमेऱ्यांच्या चाळीस क्लिपा असतील तर चाळीस अँगल, आणि पडद्यावर टपाल तिकिटांएवढे चौकोन. प्रीमियर प्रो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाच विधी 'मल्टी-कॅमेरा सोर्स सिक्वेन्स' नावाने होतो.

एवढं झालं की एक अमेरिकेतला भाचा निघतो. बडोद्यात तो घरोघरी आहे. त्याने उत्साहाने पाचवा कॅमेरा चालवलेला असतो, आणि तो एनटीएससी या अमेरिकन टीव्हीच्या पद्धतीवर, सेकंदाला २९.९७ फ्रेमवर असतो. हा अपूर्णांक १९५३च्या अमेरिकन रंगीत टीव्हीची देणगी. सेकंदाला ३० नंबर मोजायचे पण फ्रेम किंचित सावकाश धावतात, म्हणून तासाला १०८ नंबरांची, म्हणजे ३.६ सेकंदांची तफावत पडते. ती भरून काढायला 'ड्रॉप फ्रेम': दर मिनिटाच्या सुरुवातीचे ०० आणि ०१ हे दोन नंबर गाळायचे, पण ज्या मिनिटाला दहाने भाग जातो ते सोडून. चित्र एकही गळत नाही, फक्त आकडे. आपल्या २५ला हे काही लागत नाही. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याचा शटर स्पीड बदलला नसेल तर भाच्याच्या फुटेजमध्ये मैदानावरचे काही दिवे लुकलुकतात. त्याचा अँगल मी हाताने जुळवतो आणि आरतीच्या ताटाच्या क्लोजअपपुरता वापरतो. नातं राहतं.

मोबाइलचं फुटेज हा वेगळा छळ. त्यात फ्रेमरेट उजेडाप्रमाणे बदलत राहतो, त्यामुळे सुरुवातीला जुळलेलं दहाव्या मिनिटाला घसरतं. हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', म्हणजे एकसारखा फ्रेमरेट, करून घ्यावं लागतं. कॅमेऱ्याच्या मूळ फाइली मात्र त्यातून काढू नयेत, टाइमकोड पुसला जातो. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फाइलीबद्दल न बोललेलंच बरं.

ड्रोनला आवाजच नसतो. तिथे मदतीला येतो स्थिर फोटोवाल्याचा फ्लॅश. एरवी तो डोळ्यांत खुपतो, पण उजेडाला मैदान ओलांडायला वेळ लागत नाही, त्यामुळे तो ज्या कॅमेऱ्यांत पकडला गेला त्यांत एकाच क्षणी दिसतो. चमकलेली फ्रेम सापडली की मार्कर टाका आणि मार्करवर जुळवा. आरतीसाठी मैदानातले दिवे मालवतात तेव्हाही हेच करता येतं.

आता मध्यरात्र. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. सणासाठी राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. कॅमेऱ्याला एवढा कायदा माहीत नसतो. बारा वाजून गेल्यावर पांगणारी गर्दी टिपायला कोणी पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं, की त्या क्लिपवर ००:०२ पडतं. सॉफ्टवेअरच्या लेखी ती त्या दिवसातली पहिली घटना. आधी दोन मिनिटं घरी जाणारी माणसं, मग जवळपास एकवीस तास काळोख, मग गरबा. टाइमलाइन चोवीस तासांची. उपाय साधा आहे: डबे खऱ्या वेळेवर न लावता बारा तास मागे लावायचे. रात्रीचे नऊ म्हणजे ०९:००, मध्यरात्र म्हणजे १२:००. राहूनच गेलं असेल तर रिझॉल्व्हच्या क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये जाऊन त्या क्लिपांचा सुरुवातीचा टाइमकोड बदला, एकेक करून. तोवर आयोजकांचा फोन आलेला असतोच: "भाई, सवार सुधीमां रील जोईए." म्हणजे सकाळपर्यंत रील हवी.

सिंक झाल्यावर ते सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशा तीन ठिकाणी तपासायचं. ढोलावर पडणारी काठी पाहावी, टाळी नको. एखादी फ्रेम इकडे-तिकडे दिसली तर मल्टिकॅम टाइमलाइनमध्ये उघडून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या बटणांनी एकेक फ्रेम सरकवता येते. अर्ध्या फ्रेमपर्यंतचा फरक सोडून द्यावा. कॅमेऱ्यांची शटरं एकाच ठोक्यावर उघडत नाहीत आणि टाइमकोड ती उघडवू शकत नाही. टाइमकोडची किरकिर असलेला चॅनल म्यूट केलाय का, हे रेंडरच्या, म्हणजे शेवटची फाइल काढण्याच्या, आधी कानांनी ऐकून बघावं. आयोजकांनी ते आधी ऐकलं तर पुढच्या वर्षीचं काम गेलं.

एवढं करूनही कोणीतरी दाखवून देतं, की लांबच्या वर्तुळातल्या बायकांची टाळी उशिरा पडते. बरोबर आहे. साउंडवाल्याच्या मिक्सरवरून थेट घेतलेला आवाज मूळ क्षणाचा असतो, आणि स्पीकरपासून ४० मीटर लांब खेळणाऱ्यांपर्यंत तो तीन फ्रेम उशिरा पोचतो. त्या ऐकतील तेव्हाच टाळी वाजवणार. अशा वेळी मी तेवढा शॉट टाइमलाइनवर तीन फ्रेम स्लिप करतो, म्हणजे शॉट जागच्या जागी ठेवून आतलं चित्र तेवढं सरकवतो, मल्टिकॅममधल्या अँगलला हात लावत नाही. तोच कॅमेरा दोन मिनिटांनी गायिकेवर झूम करणार असतो, आणि अँगल सरकवला तर तिचे ओठ गाण्याच्या तीन फ्रेम पुढे पळतील.