एक तोळा चार मासे

आमचे दाजी टेक्सासला असतात आणि रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरच्या घरी भरतात. धंदा म्हणून नव्हे, हौस म्हणून. मोकळी पितळी पुंगळी घ्यायची, तिला नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची आणि वर गोळी दाबायची. तिकडं हे गॅरेजात चालतं. इकडं परवान्याशिवाय कुणी असला संसार मांडला, तर त्याची पुढची दिवाळी कळंबा जेलमध्ये.

यात माझा संबंध एवढाच की माझं कोल्हापूरच्या गुजरीत सराफीचं दुकान आहे, दुकानात मिलिग्रॅमचा काटा आहे आणि मी त्यांचा मेव्हणा आहे. तेवढ्या भांडवलावर दाजींनी मला गोळीच्या वजनाचा सल्लागार नेमलंय.

रिव्हॉल्व्हर चव्वेचाळीस मॅग्नमचं. ही काडतुसाची जात १९५५ साली निघाली, आणि त्यात २४० ग्रेनची गोळी घालायची वहिवाट. ग्रेन म्हणजे गोळी तोलायचं इंग्रजी वजन. पण बाजारात १८० पासून ३०० पर्यंत सगळ्या मिळतात, तिथंच घोडं अडलं.

फोन येतो रविवारी सकाळी. म्हणजे त्यांची शनिवारची रात्र, आणि मी मटणाच्या रांगेत.

"मेव्हणं, २४० का ३००?"

दाजींच्या आवाजाला स्पीकर लागत नाही. अख्खी रांग वळून बघते. ग्रेन कुणाला कळत नाही, म्हणून मी तोळ्यात फोड करून सांगतो. इंग्रजी अमदानीतला तोळा बरोब्बर १८० ग्रेनचा. चांदीचा रुपयाही तेवढाच. मासा १५ ग्रेनचा. म्हणजे २४० ची गोळी एक तोळा चार मासे, ३०० ची एक तोळा आठ मासे. बाकी शून्य! टेक्सासची गोळी आमच्या आजोबांच्या तराजूत इतकी चपखल बसावी याचा मला उगाचच अभिमान वाटला. दाजींनी मात्र हल्लीचा दहा ग्रॅमचा तोळा धरून हिशोब केला आणि विचारलं, "तुमचा काटा मारतोय काय?" सराफाला असलं विचारू नये, सासुरवाडीच्या सराफाला तर नाहीच.

"जडच घ्या," मागचे पैलवान म्हणाले. "हलक्यात काय दम?"

स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसात ब्राँझ मारल्यापासून आमच्याकडं नेमबाजीवर बोलायला बंदुकीची गरज उरलेली नाही. "आपला पोरगा केवढी गोळी वापरतो?" पुढच्यानं विचारलं. पॉइंट बावीसची रायफल, गोळी साधारण ४० ग्रेनची. तीन मासेसुद्धा भरत नाही, मी सांगितलं. "आणि तेवढ्यावर ऑलिंपिकचं मेडल! मग तुमचे दाजी तोळ्यानं का उधळतात?"

हा निरोप मी दाजींना दिला नाही.

पैलवानांना सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. जड गोळी सावकाश जाते, म्हणजे ती खाली लागायला पाहिजे. पण पंचवीस यार्डांवर दाजींची जड गोळी कागदावर वर लागते. बार उडाल्याबरोबर धक्क्यानं नळीचं तोंड वर उचलायला लागतं, आणि जड गोळी त्या वेळी अजून नळीतच रेंगाळत असते. "सावकाश जाणारं वर कसं पोचंल?" पैलवानांनी विचारलं. सरकारी नोकरीत पोचतं, असं रांगेतून कुणीतरी म्हणालं. खाटीक सत्तूर हातात धरून ऐकत होता आणि माझं अर्धा किलो तसंच पडलं होतं.

शिवाय जड गोळीची बाकी नाटकं. धक्का मोठा, त्यामुळं चक्रीत थांबलेल्या काडतुसांच्या गोळ्या घट्ट आवळल्या नसतील तर पुढं सरकतात आणि चक्री अडकते. गोळी लांब, ती पुंगळीत खोल बसली की दारूला जागा कमी. म्हणून प्रत्येक वजनाला दारूचं माप वेगळं, छापील पुस्तकातलं. २४० चं भरगच्च माप ३०० च्या मागं घातलं तर रिव्हॉल्व्हरच फुटायचं. तांबड्या रश्श्यातल्या चटणीसारखं "लागली तर आणखी घालू" इथं नाही.

माझं मत मी ठणकावून सांगितलं. दाजी, ३०० ची गोळी अस्वलाच्या मुलखात फिरणाऱ्यानं घ्यावी. तुमच्या परसात खारी येतात. तुम्ही मारता कागद. कागदाला एक तोळा चार मासे पुष्कळ झाले, मनगटालाही.

दाजी बराच वेळ गप्प. "पटलं," म्हणाले. मग हळूच, "पण २६५ ची पण येते म्हणं."

एक तोळा, पाच मासे, पाच गुंजा आणि वर चिमूटभर. मी रांगेतच आकडा काढत होतो, तेवढ्यात तिकडं फोन अक्कानं हिसकावला.

"शंभर गोळ्यांचा डबा किती तोळ्यांचा होतो रे?"

"२४० चा असंल तर एकशे तेहेतीस."

"असले डबे कपाटभर आहेत. आता ह्यांना विचार, माझ्या पाटल्या किती तोळ्यांच्या आहेत."

दाजींचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला नाही.