'रिकामा वेळ असणाऱ्यांचा उद्योग': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकताना मी जो लर्निंग पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाच्या आणि त्यातून शिकण्याच्या नोंदींचा संग्रह, ठेवला, त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही प्रतिक्रिया दिलीत. उत्तर द्यायला चार दिवस घेतले. पहिल्याच रात्री बसले असते तर हातून जे उतरलं असतं ते मलाच नंतर वाचवलं नसतं. ज्यांच्या वाचनात ती प्रतिक्रिया आली नसेल त्यांच्यासाठी तिची पाचही वाक्यं जशीच्या तशी देते:

"लेख फार लांबलाय. प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचं तर गणितं सोडवा, क्रिटिकल पाथ काढा; मनातलं वहीत उतरवत बसणं हा रिकामा वेळ असणाऱ्यांचा उद्योग आहे. गुण मिळणार म्हटल्यावर प्रत्येक जण परीक्षकाला आवडेल तेच लिहितो, त्यामुळे त्यात खरं काही नसतं. शिवाय गिब्जच्या चक्रात पायऱ्या सहा आहेत, तुम्ही पाच लिहिल्यात. आणि कामावर कोणी तुमचा पोर्टफोलिओ बघायला मागत नाही."

चौथं वाक्य आधी घेते, कारण त्यात तुमचं बरोबर आहे. अनुभवाकडे मागे वळून बघून शिकण्यासाठी ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली मांडलेल्या चक्रात सहा पायऱ्या आहेत: काय घडलं, तेव्हा काय वाटलं, त्यात बरं काय आणि वाईट काय, ते तसं का झालं, त्यातून काय हाती लागलं आणि पुढच्या वेळी काय करणार. मी पहिल्या दोन एकत्र करून पाच सांगितल्या. ती चूक माझी. दुरुस्त केली आहे आणि दाखवून दिल्याबद्दल मनापासून आभार.

आता दुसरं वाक्य. चार दिवस मला जे टोचत राहिलं ते हेच.

रिकामा वेळ. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. मग माझ्याकडे वेळ रिकामा होता हे तुम्ही कशावरून ठरवलंत? नऊ वर्षं हिशेब खात्यात काढल्यावर मी या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. दिवसभर नोकरी, संध्याकाळी वर्ग, घरी आल्यावर मुलीचा अभ्यास. ती झोपली की जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलून त्याच टेबलावर वही उघडायची. रविवारी रात्री वीस मिनिटं मिळायची, कधी तीही नाही. दोन आठवड्यांच्या नोंदी कोऱ्या आहेत, कारण ती तापाने आजारी होती, आणि त्या कोऱ्या जागाही मी तशाच सादर केल्या. अशा माणसाला 'रिकामा वेळ असणाऱ्यांचा उद्योग' हे शब्द ऐकवायचे असतील तर आधी दोन प्रश्न तरी विचारायला हवे होते. लेख पटला नाही म्हणा, चुकला म्हणा, पण लिहिणाऱ्याच्या दिवसाचे तास मोजायला जाऊ नका.

'मनातलं वहीत उतरवत बसणं' ही शब्दयोजनाही मला खटकली. लेखात मी स्पष्ट लिहिलं होतं की नोंदीत तारीख हवी, त्या दिवशी केलेला अंदाज हवा, तो कशाच्या आधारावर केला ते हवं आणि सोबत पुरावा हवा, म्हणजे बदललेला आराखडा, बैठकीचं टिपण, ज्या ईमेलमध्ये मुदत कबूल केली ती ईमेल. सत्राच्या शेवटी त्यातल्या निवडक नोंदी पुन्हा वाचून, त्यांची एकमेकींशी सांगड घालून, आपल्या कामाच्या पद्धतीबद्दल काय दिसतं ते मांडायचं. याला तुम्ही मनातलं उतरवणं म्हणता, याचा अर्थ लेखाचा मधला भाग तुम्ही वाचलेला नाही. लेख लांबला हे तुमचं पहिलं वाक्य बघता मला तसंच वाटतं.

राहिली गणितं. गणितं सोडवू नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. नेटवर्कच्या, म्हणजे कोणतं काम कशानंतर या जाळ्याच्या, प्रश्नात मला पैकीच्या पैकी गुण होते. फॉरवर्ड पास (प्रत्येक काम लवकरात लवकर कधी), बॅकवर्ड पास (उशिरात उशिरा कधी), फ्लोट (मधली सवड) काढणं हे मी बसमध्ये उभ्याने सोडवलेलं आहे. म्हणूनच सांगते, परीक्षेच्या प्रश्नात कामांचा तक्ता छापून येतो. अ ला ४ दिवस, ब ला ६ दिवस, ब च्या आधी अ. आपण क्रिटिकल पाथ, म्हणजे प्रकल्पाची शेवटची तारीख ठरवणारी कामांची सगळ्यात लांब साखळी, काढतो, उत्तर बरोबर येतं. तो ४ कोणी लिहिला, कुठून आणला, लिहिताना त्याच्यासमोर कोण बसलं होतं, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं. आणि कामावर गेलं की पहिल्याच दिवशी तोच ४ आपल्याला सांगायचा असतो.

माझ्या वहीतलंच उदाहरण देते, लेखात ते ओझरतं आलं होतं. आमच्या कचेरीत ग्राहकांच्या जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायच्या होत्या आणि त्या आधी साफ करायच्या होत्या. मी तीन अंदाज काढले: सगळं सुरळीत झालं तर २ दिवस, बहुधा ३, वाईटात वाईट ४. पर्ट या अंदाज बांधण्याच्या पद्धतीच्या सूत्रात घाला. मधल्याची चौपट, त्यात दोन टोकं मिळवायची, सहाने भागायचं. १८ भागिले ६, उत्तर ३ दिवस. प्रमाण विचलन, म्हणजे अंदाज साधारण किती मागेपुढे होऊ शकतो ते, ०.३३ दिवस. एकही पायरी चुकलेली नाही. काम ११ दिवस चाललं.

कारण जुन्या तक्त्यांमध्ये एकाच ग्राहकाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. फोन क्रमांकांचं पहिलं शून्य तक्त्याने आकडा समजून गिळलं होतं. तारखांत तर ३/४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे प्रत्येक नोंदीच्या कागदावरून बघावं लागत होतं. हे काम क्रिटिकल पाथवर होतं, म्हणजे फ्लोट शून्य. नोंदी गेल्याशिवाय लोकांचं प्रशिक्षण सुरू होत नव्हतं. आठ दिवस इथे गेले, तर शेवटची तारीख आठ दिवसांनी पुढे गेली. त्या रविवारी मी वहीत लिहिलं: "पुढच्या वेळी थोडे जास्त दिवस धरायचे."

पुढच्या वेळी दुसऱ्या विभागाच्या नोंदी होत्या. मी ५ दिवस सांगितले, १२ लागले. वहीत काय लिहिलं? "पुढच्या वेळी थोडे जास्त दिवस धरायचे." तिसऱ्या विभागाला ६ सांगितले, १४ लागले. पुन्हा तेच वाक्य, शब्द न शब्द तेच.

ही तीन पानं सत्राच्या शेवटी पोर्टफोलिओसाठी शेजारी शेजारी ठेवली तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले. एकच धडा मी तीनदा शिकले होते, म्हणजे एकदाही शिकले नव्हते. तोपर्यंत कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की मी चुकांमधून शिकते. मग मी 'तेव्हा काय वाटलं' या पायरीखालच्या ओळी वाचल्या. होय, लेखात मी जी पायरी पहिलीत मिसळून टाकली तीच. तिन्ही पानांवर वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट होती. पहिल्यावर "सगळे माझ्याकडे बघत होते". दुसऱ्यावर "साहेबांनी पेन उघडून ठेवलं होतं". तिसऱ्यावर "गप्प राहिले तर काही येत नाही असं वाटेल".

तिन्ही आकडे मी भर बैठकीत, कोणालाही न विचारता, शांतता असह्य झाली म्हणून दिले होते. ज्या ऑपरेटर बाई त्या नोंदी रोज हाताळतात त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं. दोष ना सूत्राचा होता, ना थोडे दिवस कमी धरल्याचा. मी माहीत नसलेला आकडा उच्चारत होते, आणि उच्चारत होते भीतीपोटी. सांगा, हे कोणतं गणित सोडवून मला कळलं असतं?

चौथ्या वेळी मी बैठकीत म्हटलं, "उद्या सकाळी सांगते." घसा कोरडा पडला होता. मग त्या बाईंच्या शेजारी बसून ५० नोंदी त्यांच्याकडून साफ करून घेतल्या आणि घड्याळ लावलं. १३० मिनिटं. एका नोंदीला २.६ मिनिटं. एकूण नोंदी १,२००, म्हणजे ५२ तास. बाकीची कामं सांभाळून दिवसाला सहा तास हाती लागतात, म्हणून ९ दिवस सांगितले. १० लागले.

हे माझ्यापुरतंच आहे असं म्हणाल तर तसं नाही. ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३३.९ दिवस होता. जितकं बिघडू शकतं तितकं सगळं बिघडलं तर, असं विचारल्यावर उत्तर ४८.६ आलं. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला आकडाही अपुरा पडला, माझ्या ४ सारखाच. पर्ट १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तयार झालं. तिथे तीन अंदाज घ्यायचे ते कामं नवी होती आणि एक आकडा छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हता म्हणून. सूत्र ही अनिश्चितता मोजतं. पण आपण तिन्ही आकडे एकाच घाईत काढले तर सूत्र काय करणार?

आणि हे सगळं लिहूनच का ठेवायचं, नुसता विचार करून का भागत नाही, असं म्हणाल तर त्यालाही उत्तर आहे. आपली आठवण निकाल कळल्यावर बदलते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांआधी फिशहॉफ आणि बेथ या संशोधकांनी लोकांना विचारलं होतं की अमुक घडण्याची शक्यता किती. दौरे झाल्यावर त्याच लोकांना आपण तेव्हा काय सांगितलं होतं ते आठवायला लावलं. जे घडलं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती असं लोकांना आठवत होतं. माझंही तेच झालं. वही उघडण्यापूर्वी मला पक्कं वाटत होतं की पहिल्या वेळी मी "पाचेक दिवस" म्हणाले होते. वहीत माझ्याच अक्षरात ३ लिहिलेला आहे, पेनाने.

तुमच्या तिसऱ्या वाक्याबद्दल, म्हणजे गुणांसाठी सगळे खोटंच लिहितात याबद्दल, माझ्याकडे बोलण्यासारखं फार नाही. मी खोटं लिहिलं नाही. तीनदा तीच चूक केली हे परीक्षकाला आवडेल म्हणून कोणी लिहीत नाही. ज्याला लबाडी करायची तो उत्तरपत्रिकेतही करतो. 'प्रत्येक जण' म्हणताना तुम्ही माझ्या वर्गातल्या सगळ्यांना एका फटक्यात खोटारडं ठरवलंत, एवढं मात्र लक्षात घ्या.

कामावर कोणी पोर्टफोलिओ मागत नाही हेही सोडून देते. फाइल कोणी मागत नाही, मान्य. पण पीएमबॉक या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत प्रकल्पातलं ज्ञान सांभाळणं ही वेगळी प्रक्रिया म्हणून आली आणि धड्यांची नोंदवही शेवटी न लिहिता प्रकल्पभर लिहीत जायची असं तिथे सांगितलं आहे. अ‍ॅजाइल या सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने बनवण्याच्या पद्धतीच्या २००१ च्या जाहीरनाम्यासोबतच्या बारा तत्त्वांमधलं शेवटचं तत्त्व हेच, की संघाने ठरावीक काळाने थांबून आपण कसं काम करतो ते बघावं. ज्याला स्वतःच्या तीन पानांकडे सरळ बघता येत नाही तो दहा जणांच्या संघाला काय बघायला लावणार, हे मला खरोखर कळत नाही.

तुम्ही या क्षेत्रात असाल तर, आणि तुमच्या भाषेवरून तसं वाटतं, तुमचा शेवटचा चुकलेला अंदाज कोणता होता आणि तो सांगताना खोलीत कोण होतं, हे लिहून पाठवा. मी वाचेन, आणि तुमच्याकडे किती वेळ रिकामा होता हे विचारणार नाही.

गिब्जच्या पायऱ्यांची ओळ मूळ लेखात बदलली आहे, शेजारी आजची तारीख घातली आहे आणि आधी काय लिहिलं होतं तेही खोडलेल्या स्वरूपात तसंच ठेवलं आहे. तुमची प्रतिक्रियाही काढलेली नाही.