मुगाची गाठ अन् पिंट्याचं भाषण

युरिया खतासाठी लागलेल्या रांगेची बातमी सगळ्यांनीच वाचलेली, त्यामुळं काल मंगळवेढ्यातल्या आमच्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच वाद पेटला. पिंट्या नेहमीसारखा मोबाईलवर एक रील लावून उभा. खरिपात मूग पेरा, मागनं ज्वारीला खत शून्य अन् उतारा डबल, लिहून घ्या म्हणे. बोलणं असं की मालदांडी ज्वारी ह्याच्याच परसात उगवली.

नाना म्हणाले, "आरं, आपली माणसं खरिपाला रान पड ठेवायची ती येडी म्हणून? ओल धरायला. मुगानं पाणी ओढलं की हस्त नक्षत्रात ज्वारी पेरायची कशावर, तुझ्या रीलवर?"

बापू काहीच बोलला नाही. गाडीच्या डिकीतनं मुळासकट उपटलेलं मुगाचं झाड काढलं, नुकतंच फुलावर आलेलं, अन् मुळावरची एक गाठ नखानं फोडली. आत गुलाबी. "ही हवेतला नत्र धरतीय, युरियातनं देतो तोच. पांढरी निघाली असती तर नुसती शोभेची."

"मी तेच तर म्हणतोय!" पिंट्या.

"तू अर्धंच म्हणतोस. बराचसा नत्र दाण्यात जातो. शेंगा तू बाजारात नेल्या, पाला शेळ्यांनी खाल्ला, मग रानानं काय खायचं, तुझं भाषण?"

बापू ओढ्याकडच्या भारी काळ्या रानातच मूग करतो, साठ-पासष्ट दिवसांत तोडे उरकून हिरवा पाला तिथंच गाडतो, माळावर मात्र पडच. तरी त्याचा एकरी अर्धी गोणी युरिया वाचतो, शून्यबिन्य काही होत नाही.

मग मला माझा पराक्रम सांगावाच लागला. असलाच एक व्हिडिओ बघून ज्वारीची धसकटं पेटवायची सोडून रोटाव्हेटरनं मातीत घातली अन् पहिल्या पावसाला लगेच मका टोकला, तर पीक पिवळं पडलं.

"पडणारच," बापू. "वाळलेल्या धसकटात नत्र नसल्यात जमा, ते कुजवायला जंतू मातीतला ओढतात. त्यांची पंगत आधी, तुझ्या मक्याची मागनं."

"अन् कडबा?" नाना. "तो गाडला तर जनावरं पिंट्याच्या दारात बांधू?"

पिंट्या हटेना. फेरपालट हेच भविष्य म्हणे. नाना म्हणाले, "तुमच्या घराण्याला काय नवीन हाय त्यात? तुझ्या आज्यानं बांधाची केलीच की, नांगराची दोन तासं आमच्याकडनं तुमच्याकडं."

चहावाल्याच्या हातातनं गाळणी पडली. पिंट्या पण हसला, अन् हळूच त्या गाठीचा फोटो काढायला वाकला तर बापूनं झाड मागं घेतलं, "आधी चहाचे दे."